वाचकांचे प्रश्न : जोडटाकीचे पट्टे आणि त्यांखालचा गंज

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच वस्तूभोवती फिरतात: स्टेनलेसच्या दोन पट्ट्यांनी आवळलेली, पाठीवर घेऊन बुडी मारणाऱ्यांची हवेची जोडटाकी. विदर्भात समुद्र नाही, तेव्हा गंजाची चिंता किनाऱ्यावरच्यांनी करावी, असा सूर बऱ्याच पत्रांत आहे. तो धोक्याचा आहे. गंजाला समुद्र लागत नाही. पट्ट्याखाली अडकून राहिलेलं पाणी त्याला पुरतं.

आमच्या शोध-बचाव पथकाकडे ॲल्युमिनियमच्या ८० घनफुटी दोन टाक्यांचा सेट आहे. वापर वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात, म्हणजे गोड्याच पाण्यात. तीन पावसाळे झाले, पट्टे कधी काढले नाहीत. आता खालच्या पट्ट्याच्या काठाशी पांढरी भुकटी दिसते, रंगाला फुगे आलेत. टाकी धोकादायक झाली का? पट्टे आम्हीच काढले तर चालेल का?
— ता. पवनी, जि. भंडारा

आधी एक गोष्ट करा. तपासणी होईपर्यंत हा सेट भरू नका. एवढ्यावरून टाकी बाद झाली असं म्हणता येणार नाही, पण भुकटीखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय तिच्यात २०७ बारचा दाब भरणं बरोबर नाही.

भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून रंग वर उचलला जातो आणि फुगे दिसतात. पट्ट्याखाली दोन क्रिया एकदम चालतात. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे पाणी आलं की लहानशी विद्युतघट तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. गोडं पाणी वीज कमी वाहतं, त्यामुळे ही झीज दूरवर पसरत नाही, धातू जिथे धातूला टेकतो त्या काठाच्या रेघेवरच एकवटते. तुम्हाला भुकटी नेमकी काठाशी दिसते ती यामुळेच. दुसरी क्रिया पट्ट्याच्या आत, फटीत चालते. तिथल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठत जातं, पाणी आम्लधर्मी होतं आणि ॲल्युमिनियमवरचा नैसर्गिक संरक्षक थर तुटतो. मग धातूला खड्डे पडू लागतात. खालचा पट्टा आधी बिघडतो, कारण वरून ओघळलेलं पाणी, गाळ आणि शेवाळ तिथे येऊन थांबतं.

पट्टे तुम्ही काढू शकता. मात्र टाकी रिकामी करण्याच्या पायरीत जरादेखील ढिलाई नको. मॅनिफोल्ड म्हणजे दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह एकमेकांना जोडणारा भाग. त्यातली आडवी नळी थेट टाक्यांच्या दाबाखाली असते. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले तरी त्या नळीतला दाब जात नाही, कारण ते व्हॉल्व्ह फक्त रेग्युलेटरकडे, म्हणजे श्वासाची हवा देणाऱ्या साधनाकडे, जाणारी वाट अडवतात. म्हणून मधला आयसोलेटर, म्हणजे दोन टाक्यांमधली वाट बंद-चालू करणारा व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा, मग एका बाजूचा व्हॉल्व्ह थोडासा उघडून हवा सावकाश जाऊ द्या. अर्धा तास लागला तरी लागू द्या. हवा झपाट्याने सोडली तर टाकी गार पडते आणि तिच्यावर दव धरतं. आवाज थांबला की दुसऱ्या बाजूचा व्हॉल्व्हही उघडून पाहा. आयसोलेटर अडकलेला असेल तर एक टाकी रिकामी आणि दुसरी भरलेली राहते, आणि अशा वेळी नळी सोडवायला घेणं जिवावर बेतू शकतं. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे रिकाम्या झाल्याची खात्री होईपर्यंत पान्याला हात लावू नका.

त्यानंतर कोणती टाकी डावी, कोणती उजवी याची खूण चिकटपट्टीवर मार्करने करा. पेन्सिल वापरू नका. तिच्यातलं ग्राफाइट ॲल्युमिनियमवर राहिलं तर तेही गंजाला निमित्त होतं. बुडापासून दोन्ही पट्ट्यांची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. सेट जाड ताडपत्रीवर आडवा ठेवा. आडवी नळी सोडवायचं काम माहीत असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, कारण बऱ्याच मॅनिफोल्डमध्ये तिच्या एका टोकाचे आटे उलटे असतात आणि जोर चुकीच्या बाजूला लागला तर आटे जातात. नळी निघाली की उघडी तोंडं लगेच स्वच्छ टोपणांनी बंद करा. टाकीच्या मानेतला व्हॉल्व्ह घरी काढू नका, ते तपासणी केंद्राचं काम आहे.

बुडाला प्लॅस्टिकचे बूट असतील तर तेही काढा. त्यांच्या आत बहुधा पट्ट्याखाली असतो तसाच प्रकार दिसेल. मग वरचा आणि खालचा बोल्ट आळीपाळीने, एकेक फेरा सैल करत पट्टे बुडाच्या बाजूने सरकवून काढा. चिकटलेला पट्टा हातोडीने ठोकू नका. कोमट साबणपाणी सोडा आणि थांबा.

टाक्या मऊ साबण आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा. लोखंडी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवला तर लोखंडाचे कण रुततात आणि पुढे प्रत्येक कणाभोवती नवा खड्डा होतो. ग्राइंडर तर मुळीच नको. तो गंजाबरोबर भिंतही खातो. भुकटी निघाल्यावर खाली पृष्ठभाग गुळगुळीत, फक्त डागाळलेला असेल तर चिंता नाही. नखाला खड्डा लागत असेल तर त्याची खोली मोजावी लागेल. ते काम तपासणी केंद्रातल्या खोलीमापकाचं आहे, अंदाजाचं नाही. विखुरलेल्या दोन-चार खड्ड्यांपेक्षा पट्ट्याच्या काठाने ओळीत पडलेले खड्डे जास्त वाईट, कारण त्या रेघेवर भिंत सलग कमकुवत होते. खड्ड्यात पुट्टी किंवा एपॉक्सी भरून वर रंग मारणं म्हणजे पुढच्या तपासनिसापासून दोष लपवणं. ते कुणीही करू नये.

टाकी पास झाल्यावर उघड्या पडलेल्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून एपॉक्सी प्रायमरचा एक हात आणि वरून रंगाचे दोन पातळ हात द्या. रंग हाताला कोरडा लागला म्हणून पट्टा चढवू नका. आठवडाभर पक्का होऊ द्या, नाहीतर पट्टा त्यात रुततो आणि रंग काठावरच फाटतो.

जोडताना पट्टे आधी फक्त बोटांनी घट्ट होतील इतकेच आवळा. सध्याच्या मॅनिफोल्डसाठी दोन टाक्यांच्या मध्यरेषांतलं अंतर बहुधा २१५ मिमी असतं, तरी आपल्या मॅनिफोल्डची नळी हीच खरी मोजपट्टी. ती जोर न लावता बसली पाहिजे. सगळ्या ओ-रिंग, म्हणजे सांध्यांतली रबरी कडी, नव्या घाला. नळी बसल्यावर सेट सपाट फरशीवर उभा करा, दोन्ही बुडं सारखी टेकली का पाहा आणि मग वरचा-खालचा बोल्ट आळीपाळीने आवळा. दोन बोल्टांतलं अंतर बॅकप्लेटच्या, म्हणजे सेट पाठीवर धरणाऱ्या पाटीच्या, भोकांशी जुळायला हवं. ते ११ इंच, म्हणजे साधारण २८० मिमी असतं. आखूड पान्याने एका हाताने जेवढं घट्ट होईल तेवढं पुरे. पान्याला पाइप लावून आवळलं तर रंग चिरडतो आणि नळीवर कायमचा ताण राहतो. शेवटी २० बार हवा भरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे नसतील तर पुढे भरा.

आम्ही खारपाणपट्ट्यातले. प्रत्येक सरावानंतर सेट बोअरच्या पाण्याने भरपूर धुतो. तरी पट्ट्याभोवती पांढरे ओघळ आणि खाली खड्डे दिसतात. धुण्यात काय चुकतं?
— ता. दर्यापूर, जि. अमरावती

तुमची धुण्याची सवय चांगली आहे, पाणी वाईट आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात, भूजलच खारट आहे. अशा पाण्याने धुतलेला सेट वाळला की बाकी भाग कोरडा होतो. फटीतलं पाणी मात्र हळूहळू आटतं आणि प्रत्येक वेळी मीठ मागे ठेवून जातं. दहा वेळा धुतलं की दहा धुण्यांचं मीठ एकाच रेघेवर साठतं.

शेवटचं धुणं गोड्या पाण्याचं हवं: साठवलेलं पावसाचं पाणी, धरणावरून आलेलं नळाचं पाणी किंवा आरओचं पाणी. आरओवाल्यांकडे खिशात मावणारं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर असतं, त्यावर पाणी मोजून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आणि क्लोराइडची २५० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. टाकी धुवायलाही हीच पातळी धरा. पाणी कमी असेल तर चिखल काढायला बोअरचं वापरा, पण शेवटचं दहा-पंधरा लिटर गोडं असू द्या. ते पट्ट्याच्या वरच्या काठावरून, टाकी आणि पट्टा यांच्या फटीत सावकाश सोडा. मग सेट उलट्या बाजूला कलता करून पुन्हा सोडा. नंतर ब्लोअरने किंवा टायरच्या पंपाने फटीतलं पाणी उडवा आणि सेट सावलीत, वारा लागेल असा कलता ठेवा. मे महिन्यातल्या उन्हात वाळवायला ठेवू नका. २० अंशांना २०० बार भरलेली टाकी ६५ अंशांपर्यंत तापली तर दाब २३० च्या घरात जातो. बंद जीपमध्येही तेच होतं.

ओघळ पांढरे असले तरी त्यात नुसतं मीठ नसतं. कॅल्शियमचा क्षारही असतो. तो काढायला तीव्र आम्ल वापरू नका. ओलं फडकं तासभर गुंडाळून ठेवलं आणि नायलॉनचा ब्रश फिरवला की बराचसा निघतो.

पट्ट्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली तर धातूला धातू लागणार नाही. मग गंजाचा प्रश्नच मिटला ना?
— ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

मिटत नाही, बहुतेक वेळा वाढतो. धातूचा स्पर्श तुटला म्हणजे विद्युतघट तुटते हे खरं, पण फटीतला गंज तसाच राहतो. ट्यूबची पट्टी जाड असते, तिच्या दोन्ही बाजूंना पाणी शिरतं आणि वाळायला दिवस लागतात. रबर दबून सैल होतं, मग टाक्या पट्ट्यात फिरतात आणि तो पीळ मॅनिफोल्डवर येतो. कापडी चिकटपट्टी आणि गोणपाट याहून वाईट, कारण ते पाणी धरून ठेवतात.

अडथळा घालायचाच असेल तर पातळ, पाणी न शोषणारा आणि पूर्ण चिकटलेला घाला. मोटारीच्या दाराच्या कडांना लावतात ती पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म चालते. पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून, पट्ट्यापेक्षा दोन्ही बाजूंना ५ मिमी जास्त रुंद कापा, बुडबुडा न ठेवता चिकटवा आणि टोकं टाकीच्या बाहेरच्या बाजूला येऊ द्या. फिल्म कुठे सुटली तर ती पूर्ण काढून नवी लावा. अर्धवट सुटलेली फिल्म नसलेलीच बरी.

लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाचा, पातळ थर हाही चांगला उपाय आहे. तो पाणी शिरू देत नाही आणि पट्टा पुढच्या वेळी सहज निघतो. तो पट्ट्याच्या आतल्या बाजूला फडक्याने पुसल्यासारखा लावा. व्हॉल्व्हच्या आसपास तो किंवा कुठलंही ग्रीस, तेल जाता कामा नये, आणि ते काम केलेल्या हातांनी रेग्युलेटर हाताळू नका. ऑक्सिजन वाढवलेली हवा भरणाऱ्या पथकांनी हे फार काटेकोर पाळावं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आग लागते.

तरीही आमचं मत स्पष्ट आहे: काहीही लावण्यापेक्षा पट्टा उघडून वाळवणं जास्त उपयोगी. गोड्या पाण्यात नियमित वापर असेल तर सहा महिन्यांनी पट्टे सैल करून धुवा, आणि वर्षातून एकदा, शक्यतो विसर्जनाची धावपळ संपल्यावर दिवाळीच्या सुमारास, ते पूर्ण काढा. सेट पुढे कोरड्या हवेत जाणार असतो, त्यामुळे रंगकामालाही तो काळ चांगला.

पट्ट्याचा एक बोल्ट तुटला. तालुक्याच्या दुकानातून जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बोल्ट घालून घेतला. पुढे पट्टेही गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावे म्हणतो. चालतील?
— ता. आर्वी, जि. वर्धा

तो बोल्ट आजच काढा. मोठ्या स्टेनलेस पट्ट्यात एकटा लोखंडी बोल्ट असला की सगळी झीज त्या छोट्या बोल्टवर येते. मुलामा आधी जातो, मग बोल्ट आतून बारीक होतो आणि बाहेरून डोकं धडधाकट दिसत राहतं. दोन टाक्यांचं वजन आणि मॅनिफोल्डची सरळ रेघ या बोल्टांवर अवलंबून आहे. बोल्ट, नट आणि वायसर सगळे ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या, न मिळाल्यास ३०४. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळला की आटे एकमेकांत रुतून जाम होतात आणि पुढे बोल्ट कापावा लागतो. बहुधा तुमचा पहिला बोल्ट असाच तुटला असेल. आट्यांना मॉलिब्डेनमचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. तांब्याचं नको, ते ॲल्युमिनियमजवळ आणखी गंज आणतं. नायलॉनवाला नट प्रत्येक वेळी नवा घाला.

फॅब्रिकेशनवाल्याकडून पट्टे करून घेण्यात अडचण पत्र्याच्या ग्रेडची आहे. रेलिंगसाठी येणारं स्टेनलेस बरेचदा २०२ असतं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि क्लोराइडपुढे ते ३०४ पेक्षा लवकर हार मानतं. चुंबक लावून फरक कळत नाही. मँगनीज ओळखायचं थेंबाचं रसायन काही भंगारवाल्यांकडे असतं, त्याने कळतं. पण पट्ट्याची गोलाई टाकीच्या व्यासाशी तंतोतंत जुळावी लागते. ८० घनफुटी ॲल्युमिनियम टाकीचा व्यास साधारण १८४ मिमी असतो, स्टीलच्या टाक्यांचे १७१ आणि २०३ मिमी हे सर्रास आढळतात. पट्टा जरा मोठा झाला तर तो दोन-तीन ठिकाणीच टेकतो, बाकी सगळी फट. वेल्डचा काळपट भाग साफ न करता दिला तर गंज तिथूनच सुरू होतो. पट्टे तयार मिळतात, तेच घ्या.

सेट सेवा सहकारी सोसायटीच्या गोदामात ठेवतो. जागा कोरडी आहे, कुलूप आहे. काही हरकत?
— ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

गोदामात खत असेल तर मोठी हरकत आहे. ओलसर हवेत युरियातून अमोनिया सुटतो आणि अमोनिया पितळेचा वैरी आहे. व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचे असतात. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने बारीक तडे जातात, तेही बाहेरून फारसं काही न दिसता. पोटॅशचं खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याची धूळ पट्ट्याच्या फटीत बसली तर परिणाम खारपाणपट्ट्यासारखाच. गोठ्यालगतची खोलीही याच कारणाने नको.

सेट वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवा. ओल्या सिमेंटच्या फरशीवर थेट उभा करू नका. सिमेंटमधला अल्कली ॲल्युमिनियमचं बूड खातो. खाली प्लॅस्टिकचा जाळीदार क्रेट ठेवा. महिनोन्‌महिने वापर नसेल तर दाब २० बारपर्यंत उतरवून व्हॉल्व्ह बंद ठेवा. पूर्ण रिकामी, व्हॉल्व्ह उघडा अशी टाकी कधीच ठेवू नका, पावसाळ्याची दमट हवा आत शिरते. तातडीच्या कामासाठी भरलेला सेट लागतोच. तो दर महिन्याच्या सरावात वापरून पुन्हा भरा.

व्हॉल्व्ह चिंच आणि राखेने घासले तर लखलखीत होतात. काही नुकसान?
— ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

हो. राख अल्कलीधर्मी असते, ओघळून ॲल्युमिनियमवर गेली की चट्टे पडतात, आणि तिचे कण व्हॉल्व्हच्या दांड्यात शिरून ओ-रिंग कापतात. कपड्याच्या सोड्याचं आणि कॉस्टिकचंही तेच. साबणपाणी पुरेसं आहे.

जुना रंग काढून पावडर कोटिंग करून घेतलं तर कायमचा प्रश्न सुटेल का?
— ता. हिंगणघाट, जि. वर्धा

ॲल्युमिनियमच्या टाकीला हे कदापि करू नका. पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते. तेवढ्या उष्णतेत या मिश्रधातूला दिलेली मजबुती कमी होते आणि टाकी बाहेरून नवी दिसत असताना आतून कमकुवत झालेली असते. जुना रंग काढायला कॉस्टिकचं मिश्रणही चालत नाही. हवेत वाळणारा एपॉक्सी रंगच वापरा.

डोंग्याऐवजी घेतलेल्या लोखंडी नावेला आम्ही जस्ताचा तुकडा लावतो. तसा टाकीच्या पट्ट्याला लावला तर?
— मत्स्य सहकारी संस्था, ता. साकोली, जि. भंडारा

नाव दिवसरात्र पाण्यात असते, म्हणून तिथे जस्त लोखंडाऐवजी स्वतः झिजून थोडंफार काम करतं. टाकी पाण्यात तासभर आणि खोलीत महिनाभर असते. गंज वाढतो तो खोलीत, फटीतल्या ओलीत, आणि बाहेर लटकलेल्या जस्ताचा तिथे काही संबंध येत नाही.

स्टीलच्या जोडटाकीतली एक टाकी हलवली की आत बारीक खरखर ऐकू येते. बाहेरून पट्ट्याखाली थोडा तांबडा गंज आहे. कोणता जास्त काळजीचा?
— ता. पुसद, जि. यवतमाळ

आतला. स्टीलच्या टाकीची भिंत साधारण ४ ते ५ मिमीचीच असते आणि आतल्या गंजाचे सुटे पापुद्रे व्हॉल्व्हमध्ये अडकले तर पाण्याखाली हवा बंद पडू शकते. शिवाय गंज लागताना टाकीतला ऑक्सिजन खर्च होतो. सेट वापरातून काढा, टाकी रिकामी करा आणि तपासणी केंद्राकडे द्या. व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडून पाहतील. गरज असेल तर आत खडे घालून, टाकी फिरवून गंज उतरवतील आणि हायड्रो-टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकीची चाचणी, घेतील.

मग कारण शोधा, नाहीतर वर्षात पुन्हा खरखर येईल. टाक्या पाण्याच्या हौदात ठेवून भरत असाल तर बहुधा तिथेच चुकतंय. व्हॉल्व्हच्या तोंडात आणि भरायच्या नळीच्या टोकात राहिलेले थेंब २०० बारच्या हवेबरोबर थेट आत जातात. जोडण्यापूर्वी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून आणि नळीतूनही थोडी हवा सोडून दोन्ही कोरडे करा. दुसरं कारण कॉम्प्रेसरचं फिल्टर. त्याचं आयुष्य पुस्तिकेत सहसा २० अंशांच्या हिशोबाने दिलेलं असतं. आपल्या ४० अंशांत ते निम्म्याहूनही कमी भरतं, कारण गरम हवा जास्त बाष्प घेऊन येते. तासांचा हिशोब वहीत ठेवा आणि साठलेलं पाणी दर १५ मिनिटांनी सोडा.

बाहेरच्या तांबड्या गंजाचा उपाय सोपा: वरवरचा असेल तर हाताने घासून स्वच्छ धातूपर्यंत उतरवा आणि जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात द्या. टाकी मुळात जस्ताच्या मुलाम्याची असेल तर तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका, राहिलेलं जस्तही विरघळेल. स्टीलच्या टाक्यांचं बूड गोल असल्याने बूट लागतातच. पाणी निघून जाईल असे, तळाला भोकं असलेले घ्या आणि दर धुण्याला काढा. जुने तपासणीचे स्टिकरही खरवडून काढा, त्यांच्याखाली खड्डे लपलेले असतात.

दोन्ही प्रकारच्या टाक्यांसाठी वर्षातून एकदा आतून-बाहेरून नजर-तपासणी आणि ५ वर्षांनी हायड्रो-टेस्ट ही डायव्हिंगमधली रूढ रीत आहे. शेवटच्या टेस्टची तारीख टाकीच्या खांद्यावर ठोकलेली असते. टेस्ट गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे मान्यता असलेल्या केंद्रातच घ्यावी. ही मान्यता देणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय नागपुरातच आहे. टाक्या देताना पट्टे, बूट आणि टाकीवर चढवलेली जाळी काढूनच द्या, म्हणजे पट्ट्याखालचा भाग तपासनिसाच्या नजरेतून सुटणार नाही.